न उमटलेली रेघ

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या रुग्णालयात नवजात बाळांच्या लघवीत गांजा सापडायला लागला. एखाद्या बाळाचा अहवाल तसा आला असता तर कुणाचं फारसं लक्ष गेलं नसतं. पण नेहमीपेक्षा जास्त अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले. अमेरिकेत अशा अहवालाचा अर्थ एकच निघतो: आईने गरोदरपणात नशा केली. मग समाजसेवा खात्याला कळवलं जातं, चौकशी लागते, आणि बाळ आईच्या हाती द्यायचं की नाही इथपर्यंत गोष्ट जाते. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तेच नमुने अधिक काटेकोर यंत्रावर तपासले, तेव्हा त्यात गांजाचा मागमूस नव्हता. आता प्रश्न उरला तो एवढाच की बाळाच्या लघवीत बाहेरून काय मिसळत असेल. शोध घेता घेता बोट थांबलं ते बाळांना न्हाऊ घालायच्या द्रवरूप साबणावर. असा साबण स्वच्छ लघवीत अगदी किंचित मिसळला, तरी त्या रुग्णालयातली चाचणी ‘गांजा आहे’ असं सांगत होती. साबण वाढवला की गांजाही ‘वाढत’ होता. २०१२ साली हे सगळं ‘क्लिनिकल बायोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

लघवीतून अमली पदार्थ शोधणारी चाचणी आज कुठे कुठे होते याची यादी लांबलचक आहे. वैमानिक, खलाशी, सैनिक, तेल कंपन्यांचे कामगार, खेळाडू, कैदी, व्यसनमुक्ती केंद्रातले रुग्ण, अमेरिकेत तर नोकरीला लागू पाहणारा साधा कारकूनसुद्धा. चाचणी स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटांत होते आणि तिच्यासाठी सुई टोचावी लागत नाही. तिच्या बळावर खऱ्या व्यसनी माणसांना वेळेत मदत मिळते, अपघात टळतात. पण तिच्या पोटातच एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा चाचणीच्या पाकिटावर छापलेली असूनही वाचली जात नाही.

या चाचण्यांचा पसारा वाढला तो व्हिएतनाम युद्धाच्या काळात. तिथले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइनच्या आहारी गेल्याच्या बातम्या आल्या आणि जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या सरकारने मायदेशी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायचा आदेश काढला. या मोहिमेला सैनिकी विनोदबुद्धीला साजेसं ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ असं नाव पडलं. पुढे मे १९८१ मध्ये ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवर एक विमान उतरताना कोसळलं आणि चौदा जण दगावले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळले, तेव्हा नौदलाने सरसकट चाचण्या सुरू केल्या. १५ सप्टेंबर १९८६ रोजी रोनाल्ड रेगन यांनी केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांनाही हा नियम लावणाऱ्या आदेशावर सही केली. तिथून खासगी कंपन्यांनी तो उचलला आणि डबीत लघवी देणं हा तिथल्या नोकरभरतीचाच भाग बनून गेला.

त्या डबीत नेमकं काय घडतं हे पाहिल्याशिवाय साबणाचा गांजा कसा होतो हे कळत नाही.

सगळ्यात साधी चाचणी म्हणजे एक पट्टी. दिसायला ती थेट घरगुती गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या पट्टीसारखी, तंत्रही तेच. वाचायची पद्धत मात्र बरोबर उलटी. कोविडच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की पोटात गोळा यायचा. अमली पदार्थांच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की सुटका. दुसरी रेघ उमटलीच नाही, तर अहवाल पॉझिटिव्ह. रेघ फिकट, पुसट, नीट न दिसणारी असेल तरी ती ‘उमटली’ असंच धरायचं आणि माणूस निर्दोष समजायचा, असं सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. घाईत, कमी उजेडात, अपुरं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती ही पट्टी पडली, तर पहिली चूक इथेच होते.

ही उलटी रीत कुणाच्या लहरीने आलेली नाही. मॉर्फिन, अ‍ॅम्फेटामिन किंवा गांजातला टीएचसी हे सगळे आकाराने फार छोटे रेणू. त्यांना ओळखण्यासाठी प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी वापरतात. इतक्या छोट्या रेणूला शरीराची प्रतिकारशक्ती एरवी दादच देत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचतात, तेव्हा कुठे त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अशी रंग चिकटवलेली प्रतिपिंडं पट्टीच्या सुरुवातीला ठेवलेली असतात, आणि रेघेच्या जागी त्याच अमली पदार्थाचा थोडा साठा आधीच बसवलेला असतो. लघवी पट्टीवरून सरकू लागते. तिच्यात अमली पदार्थ नसेल, तर मोकळी प्रतिपिंडं रेघेपर्यंत पोचतात, तिथल्या साठ्याला धरून बसतात आणि रंगीत रेघ दिसते. लघवीत तो पदार्थ पुरेसा असेल, तर प्रतिपिंडांचे हात वाटेतच भरतात. रेघेपाशी त्यांना काही धरता येत नाही, आणि रेघेची जागा कोरी राहते. मोठ्या प्रयोगशाळांतली स्वयंचलित यंत्रं रेघेऐवजी एखाद्या विकराची क्रिया किंवा प्रकाशातला फरक मोजतात, पण पायाशी हीच चढाओढ असते.

या चढाओढीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: प्रतिपिंड फक्त ठरलेल्या रेणूलाच धरेल. प्रत्यक्षात प्रतिपिंड रेणूचं नावगाव विचारत नाही. त्याला फक्त आकार कळतो, तोही एका बाजूचा. जत्रेत पाठमोरी आकृती पाहून आपला माणूस समजून भलत्यालाच हाक मारावी, तसं त्याचं होतं. आणि रेणूंच्या जत्रेत सारख्या पाठीचे पुष्कळ असतात.

अ‍ॅम्फेटामिनच्या चाचणीची यात सर्वाधिक फसगत होते. या गटाचा मूळ सांगाडा साधा आहे, आणि तोच सांगाडा कितीतरी निरुपद्रवी औषधांत सापडतो. चोंदलेलं नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिन आणि एफेड्रिन ही जवळची भावंडं. पण फसवणाऱ्यांच्या यादीत अगदी वेगळ्या कामाची औषधंही आहेत: अ‍ॅसिडिटीवर वर्षानुवर्षं घेतलं गेलेलं रॅनिटिडिन, नैराश्यावरची ट्रॅझोडोन आणि बुप्रोपिऑन, मळमळीवरचं प्रोमेथाझिन. यातलं सगळ्यात त्रासदायक नाव लॅबेटालॉलचं. गरोदरपणात रक्तदाब वाढला की डॉक्टर हमखास देतात त्या गोळ्यांपैकी ही एक. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेवर घेणारी बाई प्रसूतीच्या वेळी ‘नशेबाज’ ठरू शकते, आणि तेही नेमक्या अशा क्षणी जेव्हा तिच्या बाळाच्या ताब्याचा प्रश्न त्या अहवालावर अवलंबून असतो.

बाकीच्या चाचण्यांचेही आपापले ठरलेले फसवे सोबती आहेत. खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरचं व्हेन्लाफॅक्सिन हे पीसीपी या भ्रम निर्माण करणाऱ्या नशेच्या चाचणीला चकवतात. नैराश्यावरच्याच सरट्रालिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात झोपेच्या गोळ्यांच्या, म्हणजे बेंझोडायझेपिनच्या चाचणीबद्दल इशारा छापलेला आहे. आणि भारतात घरोघरी, सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्रॅझोलच्या माहितीपत्रकात गांजाच्या चाचणीबद्दल तसाच इशारा आहे. एचआयव्हीच्या उपचारात दीर्घकाळ वापरलेलं एफाव्हिरेन्झ हेही काही चाचण्यांत गांजा म्हणून धरलं गेलेलं आहे.

भारताच्या दृष्टीने दोन नावं आणखी महत्त्वाची. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं मुख्य औषध. ते घेणाऱ्याची लघवी नारिंगी होते हे क्षयरुग्णांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. हेच औषध काही प्रकारच्या चाचण्यांत अफूवर्गीय पदार्थ म्हणून वाचलं जातं. दुसरं लिव्होफ्लॉक्सासिन. २००१ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये आलेल्या अभ्यासात या कुळातली तेरा प्रतिजैविकं तपासली गेली, आणि लिव्होफ्लॉक्सासिन व ऑफ्लॉक्सासिन ही अफूच्या चाचणीला फसवण्यात आघाडीवर निघाली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिव्होफ्लॉक्सासिन वापरतात. क्षयाशी झुंजणाऱ्या माणसावर अफूचा आळ यावा, यासाठी त्याला नियमित औषध घेण्यापलीकडे काहीही करावं लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही यादी सगळ्या चाचण्यांना सारखी लागू नसते. एका कंपनीच्या चाचणीला फसवणारं औषध दुसऱ्या कंपनीच्या चाचणीत काहीच गडबड करत नाही, कारण दोघांची प्रतिपिंडं वेगळी. कंपन्या चुका सुधारतातही. १९८० च्या दशकात आयबुप्रोफेनमुळे गांजाची एक चाचणी बिघडते असं दिसलं, तेव्हा कंपनीने तिच्यातला विकरच बदलला. त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्या हातात घेऊन स्वतःला निर्दोष ठरवायला जाणं धोक्याचं आहे.

काही सबबी तर शास्त्राच्या कसोटीवर टिकतच नाहीत. ‘दाताच्या डॉक्टरने भूल दिली होती, म्हणून कोकेन दाखवलं’ ही त्यांतली जुनी सबब. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं नाव कोकेनशी यमक जुळवणारं असलं, तरी कोकेनची चाचणी शोधते तो पदार्थ वेगळाच असतो. शरीरात कोकेनचं विघटन होऊन तयार होणारं बेंझॉइलएक्गोनिन. ही चाचणी बरीच भरवशाची मानली जाते. ‘शेजारी बसलेला ओढत होता’ ही सबबही बहुतेक वेळा फोल ठरते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी न ओढणाऱ्या स्वयंसेवकांना गांजा ओढणाऱ्यांबरोबर बंद खोलीत बसवून पाहिलं. हवा खेळती ठेवली तेव्हा, जिच्यापुढे अहवाल पॉझिटिव्ह धरतात त्या नेहमीच्या मर्यादेच्या वर कुणी गेलं नाही. खोली कोंदट आणि धूर दाट ठेवला तेव्हाच एखादा नमुना तिच्या वर सरकला. होळीला किंवा महाशिवरात्रीला घेतलेल्या भांगेचं काय? भांग कायद्याच्या व्याख्येतून निसटते, पण चाचणीच्या नजरेतून नाही. पान त्याच झाडाचं, टीएचसी तोच. तिथे आलेला पॉझिटिव्ह खरा असतो.

मग असाही एक प्रकार उरतो, जिथे चाचणी अजिबात चुकत नाही आणि तरीही माणूस निर्दोष असतो. त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात डब्यात भरलेलं आहे: खसखस.

अनारसा थापायचा तो खसखशीवर. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, अनेक घरांच्या गोड्या मसाल्यात आणि कोल्हापुरी वाटणात ती असते. ही खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगड आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी या पट्ट्यांत केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्याने तिची शेती होते. बोंडाला चीर दिली की पाझरणाऱ्या चिकात मॉर्फिन आणि कोडीन असतं. बियांत स्वतःचं असं मॉर्फिन जवळपास नसतंच. पण काढणीच्या वेळी बोंडं फुटतात आणि चिकाचा, टरफलांच्या भुग्याचा अंश बियांना लागतो. किती लागतो हे वाण, काढणी आणि नंतरची धुलाई यांवर ठरतं, म्हणून एका पोत्यातल्या आणि दुसऱ्या पोत्यातल्या खसखशीत प्रचंड फरक असतो. धुतल्याने, भाजल्याने प्रमाण बरंच उतरतं. नशा यायला लागेल त्याच्या कितीतरी कमी मॉर्फिन एखाद्या पदार्थातून पोटात जातं, पण चाचणी ज्या प्रमाणात मोजते ते नॅनोग्रॅमचं, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचं.

अमेरिकेत सुरुवातीला मॉर्फिनच्या चाचणीची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस पेरलेला पाव किंवा मफिन खाऊन ती ओलांडता येत होती, आणि तशा तक्रारींचा ढीग साचला. १९९६ मध्ये ‘साइनफेल्ड’ या तिथल्या गाजलेल्या विनोदी मालिकेत एका पात्राच्या मागे हेच शुक्लकाष्ठ लागलेलं दाखवलं, इतकी ती गोष्ट सर्वपरिचित झाली होती. अखेर डिसेंबर १९९८ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा ३०० वरून थेट २,००० नॅनोग्रॅमवर नेली. पण सरकारी नियम खासगी रुग्णालयांना बंधनकारक नव्हता. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियात एका बाईने प्रसूतीच्या आदल्या दिवशी खसखस लावलेला बेगल नावाचा पाव खाल्ला. रुग्णालयाची मर्यादा सरकारी मर्यादेपेक्षा फारच खाली होती. अहवाल पॉझिटिव्ह आला आणि तीन दिवसांचं मूल काउंटीच्या अधिकाऱ्यांनी घरातून उचलून नेलं. पाच दिवसांनी ते परत मिळालं. २०१३ मध्ये रुग्णालय आणि काउंटी यांनी मिळून १,४३,५०० डॉलर देऊन त्यावरून लावलेला दावा मिटवला.

वाद अजूनही शमलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पत्रक काढून सैनिकांना खसखस असलेले पदार्थ टाळायला सांगितलं, कारण काही वाणांतलं कोडीनचं प्रमाण पूर्वी वाटत होतं त्याहून जास्त निघालं होतं. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत तर खसखस नेण्यालाच बंदी आहे. दुबईला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई लाडवांचा डबा आणि घरचा मसाला भरते तेव्हा हा नियम माहीत असणं चाचणीइतकंच गरजेचं आहे. काही पारंपरिक औषधांबद्दलही हेच. कामिनी विद्रावण रसाच्या शास्त्रोक्त पाठात अफू आहे, जातिफलादि चूर्णाच्या पाठात भांग आहे. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून ती औषधांच्या यादीत सांगायची राहून जातात.

संशय मिटवायला प्रयोगशाळेकडे एक मोठं हत्यार आहे: गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडी. नमुना तापवून कित्येक मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी पलीकडे पोचतात. तिथे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रत्येक रेणू फुटतो आणि तुकड्यांच्या वजनांचा एक ठसा मिळतो. रॅनिटिडिनचा ठसा अ‍ॅम्फेटामिनशी जुळत नाही, लिव्होफ्लॉक्सासिनचा मॉर्फिनशी जुळत नाही. आळ तिथेच गळून पडतो. हेरॉइन घेतल्यावर शरीरात ६-अ‍ॅसिटिलमॉर्फिन नावाचा पदार्थ काही काळ राहतो आणि तो खसखशीतून येऊ शकत नाही. तो सापडला तर अनारशाचा बचाव संपला.

पण या हत्यारालाही एक आंधळा कोपरा आहे. मेथाम्फेटामिनचे दोन रेणू असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखे एकमेकांचे डावे-उजवे. उजवा जबर नशा आणतो. डावा मेंदूवर फारसा परिणाम करत नाही, फक्त नाक मोकळं करतो. साध्या नळीला दोघे सारखेच दिसतात, त्यांना वेगळं करायला खास पद्धत लागते. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडचा स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर याने स्लॅलम शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. ब्रिटनला बर्फावरच्या त्या खेळात मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक होतं. मायदेशी तो नाक चोंदलं की व्हिक्स इन्हेलर वापरायचा. अमेरिकेत त्याच नावाचं इन्हेलर विकत घेतलं, पण तिथल्या इन्हेलरमध्ये हा डावा रेणू होता. ब्रिटिश इन्हेलरमध्ये नव्हता. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि पदक काढून घेतलं गेलं. बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत मेथाम्फेटामिन होतं, डावं-उजवं असा भेद नव्हता. क्रीडा लवादाने त्याचा हेतू शुद्ध होता हे मान्य केलं, पण पदक परत दिलं नाही.

रसायनशास्त्राइतकीच गडबड साधं गणित करतं. समजा, एका कंपनीत हजार कर्मचारी आहेत आणि त्यांतले दहा खरोखर नशा करतात. चाचणी त्या दहांना अचूक पकडते, पण नशा न करणाऱ्या शंभरांपैकी पाचांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. ऐकायला ही चाचणी ९५ टक्के बरोबर वाटते. उरलेल्या ९९० जणांतून मात्र सुमारे पन्नास निर्दोष लोक तिच्या जाळ्यात येतात. एकूण साठ पॉझिटिव्ह, त्यांत खरे दहा. म्हणजे सहांतले पाच निर्दोष. हीच चाचणी व्यसनमुक्ती केंद्रात लावली, जिथे हजारांत तीनशे जण नशा करतात, तर ३३५ पॉझिटिव्हमधले तीनशे खरे निघतात. पट्टी तीच, लघवी तपासणारा माणूस तोच, पण अहवालाचं वजन पार बदललं. ज्या ठिकाणी नशा करणारे मुळात थोडे, तिथेच पहिल्या अहवालावर विसंबणं सर्वांत घातक.

हे ठाऊक असल्यामुळेच अमेरिकी सरकारच्या १९८८ च्या नियमांनी कर्मचाऱ्यांसाठी दोन टप्पे बंधनकारक केले: आधी स्वस्त चाळणी, मग खात्रीची चाचणी. त्यानंतर एक डॉक्टर त्या माणसाशी बोलतो, औषधांच्या चिठ्ठ्या पाहतो आणि मगच निकाल वर जातो. वाहतूक क्षेत्रातल्या चाचण्यांत नमुना सुरुवातीलाच दोन बाटल्यांत विभागतात. पहिल्या बाटलीचा निकाल मान्य नसेल, तर दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी करायला ७२ तास मिळतात.

पण जिथे समोरचा माणूस दुबळा असतो, तिथे हा दुसरा टप्पा खर्च वाचवायला गाळला जातो. न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांत २०१९ साली नवी यंत्रं बसवली आणि कैद्यांच्या लघवीत ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाचा अंश धडाधड सापडू लागला. आपण काहीही घेतलेलं नाही असं कैदी परोपरीने सांगत होते, पण कैद्याचं ऐकतो कोण? शेकडो जणांना शिक्षा झाल्या: एकांतकोठडी, भेटी बंद, सुटका लांबणीवर. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच सूचनांत लिहिलं होतं की हा निकाल प्राथमिक आहे, खात्रीची चाचणी करावी. ती कुणी केली नव्हती. राज्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात हे सगळं उघड केलं. तोवर शिक्षा मागे घेऊन कैद्यांच्या नोंदी पुसायची वेळ प्रशासनावर आली होती.

कॅनडात टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातली ‘मदरिस्क’ प्रयोगशाळा लघवीऐवजी केस तपासायची, पण चूक हीच. प्रतिपिंडांच्या चाळणीचे निकाल वर्षानुवर्षं अंतिम म्हणून बालकल्याण खात्याकडे आणि न्यायालयांकडे जात राहिले. २०१५ मध्ये माजी न्यायाधीश सुसान लँग यांनी त्या चाचण्या अशा कामासाठी अपुऱ्या आणि अविश्वसनीय असल्याचा निर्वाळा दिला. नंतर नेमलेल्या आयोगाने बाराशेहून अधिक प्रकरणं पुन्हा उघडली. त्यांतल्या ५६ प्रकरणांत या अहवालांचा निकालावर ठोस परिणाम झाला होता. तोवर बहुतेक मुलं दत्तक जाऊन दुसऱ्या घरात रुळली होती, आणि आई-मुलांची भेट घडवणं फारच थोड्या ठिकाणी शक्य झालं.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी अशा चाचण्या लागू केल्या. तिथे चाळणीत संशयास्पद ठरलेल्या माणसाला सुरक्षेच्या कामावरून तात्पुरतं बाजूला करतात आणि खात्रीच्या चाचणीची वाट पाहतात. दोषी ठरवणं त्यानंतर. बोटीवर चढण्याआधी मुंबईत वैद्यकीय तपासणी करून घेणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या खलाशांना, आखातात नोकरीला जाणाऱ्यांना किंवा कंपनीच्या गेटवर पट्टीला सामोरं जाणाऱ्या कामगाराला मात्र दरवेळी असा लेखी नियम आधाराला मिळेलच असं नाही.

म्हणून काही गोष्टी आधीच कराव्यात. डबी हातात घेण्यापूर्वी गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली सगळी औषधं कागदावर लिहून द्यावीत: सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, वैद्यांचं चूर्ण, सगळी. डॉक्टरांची चिठ्ठी किंवा निदान गोळ्यांचं पाकीट जपून ठेवावं. चाचणीसाठी औषध स्वतःहून बंद करू नये; क्षयाचं किंवा रक्तदाबाचं तर मुळीच नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत खसखशीचे पदार्थ टाळावेत. खूप पाणी पिऊन जाण्यात अर्थ नाही; लघवी फार पातळ झाली की प्रयोगशाळेला लघवीतल्या क्रिएटिनिन या पदार्थाच्या प्रमाणावरून ते कळतं आणि नमुना संशयास्पद ठरतो. अहवाल पॉझिटिव्ह आला तर तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ही चाळणी होती की खात्रीची चाचणी, मर्यादा किती नॅनोग्रॅमची होती, आणि नमुन्याचा उरलेला भाग गोठवून ठेवला आहे का. तो ठेवला असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीची मागणी त्याच दिवशी करावी, कारण नमुने कायम सांभाळले जात नाहीत.